कॉइन एक्सचेंजवर ठेवायचे का स्वतःच्या वॉलेटमध्ये?

इकडं लातूर-उदगीरची पोरं भेटली की एकच विचारायलेत, दादा बिटकॉइनसारखे कॉइन एक्सचेंजवरच (खरेदी-विक्रीच्या ॲपवर) राहू देऊ का स्वतःच्या वॉलेटमध्ये घेऊ? माझं मत असं की वर्षानुवर्षं हात लावायचा नाही तो माल स्वतःकडं घ्या, पण घरातल्या अजून एका माणसाला तो काढता येत असेल तरच. या ‘तरच’वर कुणी बोलतच नाही म्हणून लिहायलोय.

एक्सचेंजच्या ॲपमध्ये जो बिटकॉइन दिसतो तो त्यांनी तुमच्या नावावर मांडलेला आकडा असतो, चावी, म्हणजे तो हलवायचा गुप्त कोड, त्यांच्याकडंच. मल्टीस्टेट पतसंस्थेत एफडी ठेवल्यासारखं, पावती आपल्या हातात अन् पैसा त्यांच्या. अशा संस्था बुडालेल्या बघितलेल्या बीड-जालन्याकडच्या माणसाला यापुढं काही समजावून सांगायची गरज नाही. बँकेतल्या ठेवीला निदान ५ लाखांपर्यंत विमा आहे, इथं तोही नाही. टोकियोचं माउंट गॉक्स एक्सचेंज २०१४ ला बुडालं, एफटीएक्स २०२२ ला. आपल्याकडच्या वझीरएक्स एक्सचेंजमधून १८ जुलै २०२४ ला जवळपास २३ कोटी डॉलरचा माल चोरीला गेला, आणि ते वॉलेट मल्टिसिग होतं, म्हणजे एकट्याच्या सहीनं न उघडणारं, तरी गेलं. मग विथड्रॉल बंद, प्रकरण सिंगापूरच्या कोर्टात, ॲप परत चालू व्हायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडला, आणि तोटा सगळ्यांवर वाटला गेला त्यामुळं ज्यांच्या कॉइनला चोरानं हातही लावला नव्हता त्यांच्याही बॅलन्सला कात्री लागली.

मग घेतलं हार्डवेअर वॉलेट, म्हणजे चावी आपल्याकडं सांभाळणारं छोटं डिव्हाइस. ते १२ नाहीतर २४ इंग्रजी शब्द देतं, आणि खरी संपत्ती तेच शब्द आहेत, डिव्हाइस फुटलं तर दुसरं घेता येतं, शब्द हरवले तर कस्टमर केअर नावाची गोष्टच नाही. वेल्समधल्या जेम्स हॉवेल्सची हजारो बिटकॉइनची चावी असलेली हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली, माणूस कोर्टापर्यंत भांडला, २०२५ ला कोर्टानं दावा फेटाळला.

शब्दांचा फोटो काढून गॅलरीत ठेवायचा नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवायचे नाहीत, झेरॉक्स सेंटरवर तर अजिबात न्यायचे नाहीत. कागद आपल्या घरात वाळवी अन् ओलीनं जातो, म्हणून मी धातूच्या पट्टीवर ठोकलेत. हार्डवेअरच्या दुकानात ए टू झेड पंचांचा सेट मिळतो, पट्टीखाली जड लोखंड ठेवायचं आणि एकेक अक्षर हातोडीनं मारायचं. पूर्ण शब्द लिहायची गरज नाही, हे शब्द ज्या ठरलेल्या यादीतून येतात तिच्यात एकूण २०४८ शब्द आहेत अन् पहिली चार अक्षरं कुठल्याच दोन शब्दांची सारखी नाहीत, तेवढी चारच मारा, पण शब्दाचा नंबर सोबत पाहिजेच, क्रम चुकला तर सगळं गेलं. भांड्यावर नाव टाकून देणाऱ्याकडून हे काम करून घ्यायचं नाही, स्वतःच करा, वेळ लागला तरी.

त्यानंतर सगळा माल लगेच पाठवू नका. थोडासा पाठवा (यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं कॉइन, असेल तर एक्सचेंज अन् वॉलेट दोन्हीकडं नेटवर्क एकच निवडलंय का ते बघा), डिव्हाइस रिसेट मारा आणि पट्टीवरच्या अक्षरांवरून परत उभं करा. बॅलन्स दिसला की मग बाकीचं.

आणि हेच काम दुसऱ्यांदा बायकोला किंवा भावाला करू द्या, तुम्ही फक्त बाजूला बसा. माझ्या बायकोनं केलं, मधे दोनदा अडकली, जिथं अडकली ते तिनं तिच्याच अक्षरात वहीत लिहून ठेवलंय, शब्द सोडून. घरात असं कुणीच नसेल तर मी म्हणतो एफआययूकडं (पैशाच्या संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणारी केंद्र सरकारची यंत्रणा) नोंद असलेल्या एक्सचेंजवरच राहू द्या, रक्कम बेताची ठेवून. तिथं निदान मृत्यूचा दाखला अन् वारसाचे कागद घेऊन घरचे कंपनीच्या मागं तरी लागू शकतात, वॉलेटपुढं कुठलाच दाखला चालत नाही. आपल्याकडं हायवेवर रोज काय चालतं ते बघता हा विचार तरण्या पोरांनीसुद्धा आजच करावा असं मला मनापासून वाटतं.

टॅक्सचं थोडक्यात: स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवणं म्हणजे विक्री नाही, १ टक्का टीडीएस विकताना कापतात अन् नफ्यावर ३० टक्के तेव्हाच. पण विकायला बहुतेकदा परत एक्सचेंजवरच यावं लागतं आणि टॅक्स भरताना खरेदीचा भाव दाखवावा लागतो, म्हणून माल हलवायच्या आधी खरेदीची सगळी हिस्ट्री डाउनलोड करून ठेवा, ॲप बंद पडल्यावर ती मागायची कुणाला?