हाताला गुण नाही, कुंडीत दगड आहे

जूनचे पहिले पाऊस झाले की जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, कुठेही कोणीतरी गाठतंच : "काकू, तुमच्या जाईची फांदी नेऊन लावली, पण सुकली. तुमच्या हाताला गुण आहे, आमच्याकडेच का जगत नाही?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गुणबिण काही नाही. मी फांदी तोडतच नाही.

तोडलेल्या फांदीला मुळं नसतात, पण पानांतून पाणी उडतच राहतं. मनी प्लांट, कृष्णकमळ हे सोसतात. बोगनवेलीची जून काडीही पावसाळ्यात बहुतेक वेळा धरते. मधुमालतीला तर काही करावंच लागत नाही, बुंध्याभोवती आपोआप पिल्लं उगवतात. जाईच्या मात्र मी लावलेल्या चार काड्यांतली जेमतेम एक जगायची. म्हणून दाब कलम, म्हणजे फांदी न तोडता मातीत दाबून तिला मुळं फुटू द्यायची.

खाली लोंबणारी, पेन्सिलीपेक्षा जरा बारीक फांदी निवडायची. अगदी हिरवी कोवळी नको. मधल्या एका डोळ्यापाशची, म्हणजे पान फुटतं त्या गाठीपाशची, पानं काढायची आणि डोळ्याखाली ब्लेडने इंचभर तिरकी खाच द्यायची. अर्ध्याहून खोल गेलात तर फांदी मोडलीच. मग शेजारी मातीने भरलेली कुंडी ठेवून तेवढाच भाग दोन इंच खाली दाबायचा, वर दगड ठेवायचा, शेंडा बाहेर मोकळा. फांदी वेलीला धरूनच असते, त्यामुळे आई तिला पाजत राहते आणि खाचेपाशी निवांत मुळं फुटतात. माती ओलसर हवी, चिखल नको.

इथवर सगळ्यांना जमतं. पुढचं जमत नाही, ते म्हणजे गप्प बसणं. पहिल्या वर्षी मी दर चार दिवसांनी बोटाने माती उकरून बघायचे. तिसऱ्या आठवड्यात शेवयांसारखी पांढरी दोन मुळं दिसली. आनंदाने आणखी उकरलं, आणि दोन्ही माझ्याच नखाने तुटली. दुसऱ्या वर्षी शेंड्याला नवी पानं दिसताच कापून मोकळी झाले. चार दिवसांत सगळं मान टाकून! ती पानं आईच्या जिवावर फुटली होती, खाली एक मूळ नव्हतं.

आता सहा ते आठ आठवडे दगडाला हात लावत नाही. नंतर फांदी हलकेच ओढून बघते. सैल आली तर पुन्हा दाबते. घट्ट बसली असेल तर आईकडच्या बाजूने कापते, पण कुंडी आठ-दहा दिवस तिथेच सावलीत ठेवते.

तेव्हा फांदी मागू नका, कुंडी आणून द्या. सध्या जाईखाली पाच आहेत, प्रत्येकीवर खडूने फ्लॅटचा नंबर. श्रीखंडाचा डबाही चालेल, फक्त बुडाला भोकं पाडून आणा. मागच्या वेळी ती मला पाडावी लागली होती.