तीन सेन्सर आणि चार बोटं वायर

इंजिनच्या फेऱ्यांचा काटा आधी शून्यावर यायचा आणि इंजिन त्यानंतर बंद पडायचं. हे कळायला आठ महिने गेले, आणि कळलं तेही मला नाही, बायकोला.

गाडी २०१२ ची, डिझेल, फोर-बाय-फोर, जुन्या वळणाची. आमच्या गल्लीत तिला सगळे जीपच म्हणतात, मीही म्हणतो. शेत गगनबावड्याच्या अलीकडे, त्यामुळे बालिंगा, कळे, साळवण हा रविवारचा फेरा ठरलेला. पावसाळ्यात तिकडची आमची पाणंद म्हणजे नुसता रेंदा. शेजारी गाड्या डांबरीवर लावून चिखल तुडवत जातात. मी चारही चाकं जोडून बांधापर्यंत गाडी नेतो. एवढ्या एका सुखासाठी ही म्हातारी सांभाळलीय.

२०२२ च्या जूनमध्ये त्याच पाणंदीच्या चढाला ती पहिल्यांदा बंद पडली. धक्का नाही, धूर नाही, कुणी किल्ली फिरवावी तशी गप्प. डॅशबोर्डवर पिवळा इंजिनचा दिवा. किल्ली बंद-चालू करून सेल्फ मारला, लगेच चालू. घरी येईपर्यंत पुन्हा काही नाही.

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या गॅरेजात. मिस्त्रींनी स्कॅनर लावला, कोड आला पी०३३५. "क्रँक सेन्सर गेलाय. गरम झाला की मरतोय. बदलून टाकू." मी मान डोलावली.

हा सेन्सर काय करतो ते मी नंतर समजून घेतलं, आधी घ्यायला हवं होतं. फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनला जोडलेल्या जड चाकाच्या, कडेला दात्यांची चकती फिरते. अशा बऱ्याच इंजिनांत ६० दात्यांची जागा असते आणि त्यातले दोन दाते मुद्दाम ठेवलेले नसतात. लोखंडी दाता समोरून गेला की सेन्सरमधल्या कॉइलमध्ये विजेची बारीक लाट उठते, दर ६ अंशांना एक. दोन दात्यांची ती रिकामी जागा आली की ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, पत्ता लागतो की पिस्टन आता कुठं आहे, डिझेल नेमकं कधी मारायचं. या लाटा थांबल्या, तर ईसीएमच्या लेखी इंजिन फिरतच नाही. मग ईसीएम डिझेल तोडून मोकळं होतं. पिस्टन, पंप, इंजेक्टर सगळं ठणठणीत असलं तरी काही उपयोग नाही.

आणि पी०३३५ चा पूर्ण अर्थ 'क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर, सर्किट' असा आहे. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याच्या दोन तारा, दोन्हीकडचे प्लग आणि ईसीएम, सगळं आलं. मिस्त्रींनी आणि मी, दोघांनीही शेवटचा शब्द गिळला.

पहिला सेन्सर साधा, साडेसहाशेचा. अकरा दिवस गाडी चालली, बाराव्या दिवशी पन्हाळ्याच्या चढाला बंद. "डुप्लिकेट टिकत न्हाई हो," असं म्हणत मिस्त्रींनी दुसरा ओरिजिनल बसवला, चोवीसशेचा. तीन आठवडे. मग काढून बघितलं तर टोकाला लोखंडाचा बारीक किस चिकटलेला. मी शिरोलीला फौंड्रीत तपासणी विभागात आहे, लोखंडाची भुकटी माझ्या डब्यातसुद्धा जाते, त्यामुळे हे कारण मला लगेच पटलं. सेन्सरात चुंबक आहे म्हटल्यावर किस ओढणारच. पुसून लावला आणि गाडी सव्वा महिना चालली. मी ऑफिसात पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. दिवाळीत वैभववाडीच्या पाहुण्यांकडून परत येताना भुईबावडा घाटात, मागे ट्रकची रांग, आणि ही पुन्हा गप्प. त्यानंतर तिसरा सेन्सर घेतला, तो केवळ संतापाच्या भरात. त्याचं समर्थन माझ्याकडे नाही.

दिवसभर मी काय करतो? कास्टिंगमध्ये दोष निघाला की साचा, वाळू, ओतण्याचं तापमान, पाळी कुणाची, सगळं लिहून काढतो. आणि स्वतःच्या गाडीला मात्र एक कोड बघून तीन सुटे भाग लावून बसलो होतो. डिसेंबरात मग वही केली. ब्लूटूथचा स्कॅनर घेतला, मोबाईलवर चालणारा. त्यात कोडबरोबर त्या क्षणाची नोंदही मिळते: इंजिनचे फेरे, वेग, पाण्याचं तापमान. दीड महिन्यात तीन नोंदी हाती आल्या. तापमान एकदा ९१ अंश, एकदा ८६, आणि एकदा फक्त ५४. ५४ म्हणजे गाडी घरातून निघून नीट तापलेलीसुद्धा नाही. उष्णतेची गोष्ट तिथंच संपली. तसंही, तापलेला सेन्सर निवायला वेळ लागायला हवा. आमची गाडी तर दर वेळी पहिल्या सेल्फला चालू व्हायची. ही गोष्ट पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होती.

बायकोचं निरीक्षण जानेवारीतलं. परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "अहो, तुम्ही दुसऱ्यात टाकून एकदम पाय रेटलात की हे होतं. आणि तो काटा आधी पडतो, मग गाडी." मी म्हटलं, असं कसं, एकदमच होत असणार. ती म्हणाली, "तुम्ही रस्त्याकडं बघत असता. मी काट्याकडं बघत बसते, कधी बंद पडते म्हणून." वहीत पाहिलं तर खरंच, तिन्ही वेळा वेग कमी आणि चढ. सपाटीला हायवेवर एकदाही नाही. फेऱ्यांचा काटा त्याच सिग्नलवर चालतो, म्हणजे इंजिन फिरत असतानाच सिग्नल तुटत होता.

वही घेऊन मी वायरिंग करणाऱ्या चाचांकडे गेलो. टपरीएवढं दुकान, बाहेर रिक्षांची रांग. त्यांनी स्कॅनरकडे ढुंकूनही बघितलं नाही. विचारलं काय तर, "चढाला पडत्या का उताराला?" चढाला. "पाय दिल्यावर का सोडल्यावर?" दिल्यावर. "इंजानचं फाउंडेशन कवा बदललंय?" म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ती रबरं. कधीच नाही.

मग बॉनेट उघडून मला आत बसवलं. हँडब्रेक, पायाचा ब्रेक घट्ट, दुसरा गिअर, आणि क्लच अगदी हळू सोडत थोडा रेस. स्वतः बाजूला उभे राहिले, पुढं नाही. इंजिन ताण घेऊन एका अंगावर कलंडलं. मला बसल्या जागेवरून दिसलं, चांगलं दोन बोटं उचललं. दुसऱ्या खेपेला काटा सपकन खाली आणि गाडी बंद. आठ महिने जी गोष्ट मिस्त्रींना कधी दाखवता आली नव्हती, ती दुकानाच्या दारात, उभ्या गाडीत घडली. मला इतका आनंद झाला की चाचांनी चमकून बघितलं.

पुढचं काम मीटरचं. बॅटरीची निगेटिव्ह काढली, ईसीएमचा प्लग सोडवला. सेन्सरच्या तोंडाशी रोध मोजला तर ८८२ ओहम. ईसीएमच्या प्लगकडून त्याच दोन पिनांवर मोजलं तर ८८४. म्हणजे तार अखंड. इथं कुणीही म्हणालं असतं, वायरिंग ओके आहे, चौथा सेन्सर आणा. पण चाचांनी इंजिनखाली लाकडाचा ठोकळा देऊन जॅकनं एक बाजू हळूहळू उचलली. ८८४, ८८४, ९४०, आणि मग मीटरवर डावीकडे एकटाच एक. सर्किट उघडं. जॅक खाली, पुन्हा ८८४. चाचा म्हणाले, "सेन्सर काय करंल बिचारा? निरोप द्यायचा त्यो देतोय, वाटंत पूल पडलाय."

दुसरी चाचणी मला जास्त आवडली. तार दोन्ही टोकांना सुटी करून तिच्यातून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावला. मीटरला एक केसाएवढा धागा जोडलेला असला तरी तार चांगली वाटते, कारण तो करंट नावापुरता पाठवतो. बल्बाला पावणेदोन अँपिअर लागतात, तिथं सोंग चालत नाही. एका तारेवर बल्ब लखलखीत, दुसरीवर नुसता लालसर. (हा प्रयोग ईसीएमचा प्लग जोडलेला असताना करायचा नाही. ईसीएम जळेल आणि मग साडेसहाशे-चोवीसशेच्या गप्पा राहणार नाहीत.)

हार्नेसवरची, म्हणजे तारांच्या जुडग्यावरची, काळी पट्टी सोलली. बेल हाउसिंगच्या (फ्लायव्हीलवरच्या कवचाच्या) वरच्या बाजूला पिळून केलेला जुना जोड, त्याच्या कडेला तांबं हिरवं पडलेलं. जोडापासून बोटभर अंतरावर तार वरून शाबूत, आत सगळे धागे तुटून एखाददुसरा उरलेला. आणि हार्नेस तणाव्यासारखा ताठ. बाकीच्या तारांना ढील होती, या एकट्या फांदीला नव्हती.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. गाडी तेव्हा नागाळा पार्कात एका नातेवाइकांच्या दारात उभी होती, बॉनेटपर्यंत पाण्यात. पूर ओसरल्यावर सगळ्या गॅरेजांत चिखलानं भरलेल्या गाड्यांच्या रांगा. ज्यानं माझी गाडी केली त्यानं कुजलेला तुकडा कापून उरलेली टोकं ओढून जोडली असणार. त्या गर्दीत मी असतो तरी तेच केलं असतं. चार बोटं वायर कमी झाली, एवढंच. फाउंडेशनची रबरं धड होती तोवर इंजिन जागेवर राहिलं आणि तार पुरली. रबरं बसत गेली, इंजिन कलंडायला लागलं, आणि प्रत्येक चढाला तारेचे एकेक धागे तुटत गेले.

दुरुस्तीला एक दुपार लागली. जाळीचं वेष्टण असलेली दोन तारांची केबल घेतली. सेन्सरचा सिग्नल नाजूक, शेजारून अल्टरनेटरची तार जाते, त्यामुळे साधी वायर नको. जाळी फक्त ईसीएमच्या बाजूला अर्थ केली. मी डाग मारायला सोल्डरगन काढली तर चाचांनी ठेवायला लावली: डाग दिलेली तार कडक होते आणि हादऱ्यानं डागाच्या कडेलाच तुटते. दाबायच्या लग्ज, वर आकसणारी नळी, आणि इंजिन कितीही हललं तरी पुरेल असा एक वेढा ढिला. पहिल्यांदा सेल्फ मारला तर गाडी चालूच होईना. माझ्या पोटात गोळा. दोन तारा उलटसुलट लागल्या होत्या. लाट उलटी गेली की ईसीएमला दात्यांचा हिशोब लागत नाही. बदलून लावल्या, चालू. फाउंडेशनची रबरं पुढच्या आठवड्यात मिस्त्रींकडे बदलली, त्याला मात्र तारेपेक्षा कितीतरी जास्त पैसे गेले.

होळीच्या सुट्टीत मुद्दाम भुईबावडा घाट उतरलो आणि लगेच उलटा चढलो. प्रत्येक वळणावर दुसरा गिअर आणि पाय खालपर्यंत. बायको काट्यावर नजर ठेवून होती. गगनबावड्यात वर आल्यावर तिनं गरम भजी मागवली, म्हणजे निकाल लागला असं मी समजलो.

काढलेले सेन्सर घरी मोजले. कारखान्याचा मूळचा धरून तीन, चौथा गाडीत. ८७६, ८८५, ८७९. एकही मेलेला नाही. परवा ते पुडीत बांधून मिस्त्रींना दाखवायला नेले. मनात म्हटलं, थोडे तरी खजील होतील. त्यांनी तिन्ही हातात घेऊन फिरवून बघितले, त्यातला ओरिजिनल बाजूला काढला आणि म्हणाले, "ह्यो ऱ्हाऊ दे की इथं. एका गिऱ्हाइकाच्या गाडीला क्रँकचाच कोड आलाय."