केबिन आणि हौद्यामधली फट

डबल कॅब पिकअपचा, म्हणजे दोन रांगांची केबिन आणि मागे सामानाचा उघडा हौदा असलेल्या गाडीचा, चेसिस (खालचा लोखंडी सांगाडा) मोडायचा झाला तर बहुतेक वेळा ठरलेल्या पट्ट्यातच मोडतो. केबिन संपून हौदा सुरू होतो तिथपासून मागच्या एक्सलपर्यंत. नागपूरजवळ वाडीला अमरावती रोडवर माझं गॅरेज आहे. ट्रान्सपोर्टचे ट्रक, कोळशाची टिपरं, त्यांचे पाटे (चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), ते एक्सलला बांधणारे यू-बोल्ट आणि चेसिसच्या चिरा हे माझं रोजचं काम. त्यामुळे कुठलीही पिकअप दारात उभी राहिली की माझी नजर आधी केबिन आणि हौद्यामधल्या फटीवर जाते. ती फट खालपासून वरपर्यंत सारखी असायला हवी. या गाडीची फट खाली एक बोट होती आणि वर दोन बोटं.

गाडी काटोलकडच्या एका संत्रा बागाईतदार काकांची. चालवणारी त्यांची मुलगी. आंबिया बहार उतरून पैसे हातात आले होते आणि दोघं जैसलमेरला, सम आणि खुरीच्या वाळूत जाणार होते. नागपूरहून भोपाळ, कोटा, जोधपूर करत तेराशेच्या वर किलोमीटर. गाडी दुसऱ्या शहरात आधीच 'वाळवंटासाठी तयार' करून आणली होती. टपावर तंबू, हौद्यात पाण्याची टाकी, दोन स्टेपन्या, डिझेलचे कॅन, खणांचं लोखंडी कपाट, पुढे विंच (रुतलेली गाडी ओढून काढायची दोराची चरखी) आणि जाडजूड बुलगार्ड. एवढ्या वजनाने मागची बाजू बसली म्हणून पाट्यांच्या वर एअरबॅग (हवेने फुगणाऱ्या रबरी उश्या) टाकून ती परत उचलली होती.

"भाऊ, फक्त ग्रीसिंग करा आणि यू-बोल्ट कसून द्या. सोमवारी निघतो आम्ही," ताई म्हणाली.

मी तिला फटीत बोट घालायला सांगितलं. आधी खाली, मग वर. तिचा चेहरा लगेच बदलला. पोरगी हुशार आहे, समजावून सांगायची गरज पडली नाही.

हौद्यातलं सामान उतरवलं, बोल्ट सोडले आणि हौदा चेनपुलीने वर घेतला. चेसिसवर माती आणि जुन्या ग्रीसचा थर होता. आमचे वेल्डिंगवाले चाचा अशा वेळी घाई करत नाहीत. त्यांनी आधी ब्रशने पट्टी खरवडली, रॉकेल लावलं, थोडा वेळ जाऊ दिला, मग फडक्याने कोरडं पुसून वर खडूची भुकटी चोळली. आम्ही सगळे वाकून बघत होतो. पांढऱ्या भुकटीवर हळूहळू एक काळपट रेघ उमटली. केसाएवढी बारीक, पण सरळ आणि स्पष्ट. चिरेत शिरलेलं रॉकेल भुकटी ओढून घेते, म्हणून हे होतं. आता यासाठी लाल-पांढऱ्या स्प्रेचे डबे मिळतात आणि आमच्याकडे ते आहेतही, पण पहिला हात चाचांच्या खडूचाच असतो.

रेघ कुठून निघाली होती ते महत्त्वाचं. एअरबॅगचा ब्रॅकेट बसवणाऱ्याने चेसिसच्या लांब दांड्याच्या वरच्या सपाट पट्टीवर आडवा वेल्ड मारला होता, आणि त्या वेल्डच्या काठापासूनच चीर सुटली होती. चेसिसच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीवर आडवा वेल्ड कधी मारायचा नसतो. सगळा ताण त्या पट्टीच्या लांबीने धावतो आणि आडवा टाका त्याच्या वाटेत उभा राहतो.

पण खरं कारण त्याच्याही आधीचं आहे, आणि वाळवंटात जाणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. पाटा चेसिसला दोन जागी धरतो, पुढे हँगरला (पक्क्या कड्याला) आणि मागे शॅकलला (हलत्या दुव्याला). ओझं त्या दोन टोकांत वाटलं जातं. मधोमध एअरबॅग फुगवली की ओझ्याचा मोठा वाटा नेमक्या एक्सलवरच्या त्या एका जागेवर येतो. तिच्या मागे टाकी आणि स्टेपन्या खाली ओढतात, पुढून केबिन आणि माणसं खाली दाबतात, आणि चेसिस त्या जागेवर वाकतो. वरची पट्टी ताणली जाते. फट वरच्या बाजूला रुंद होते ती म्हणूनच. खडबडीत रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला हे पुन्हा घडतं.

काका अस्वस्थ झाले. "काहून जी, एअरबॅग तर वजनासाठीच असते ना?"

"वजन कुठं ठेवलंय ते पाहा काका. एक्सलच्या एक मीटर मागे शंभर किलो ठेवलं आणि गाडीचा व्हीलबेस तीन मीटर धरला, तर मागच्या एक्सलवर १३३ किलो येतात. वरचे ३३ पुढच्या चाकांवरून उचलले जातात."

काका बागेतल्या रस्त्याकडे बघावं तसे दारातून बाहेर बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे बैलगाडी उलाळ झाली, मागं वजन जास्त." बरोब्बर तेच. जू वर उचललं गेलं की बैल ओढणार काय आणि वळणार काय? वाळूत पुढची चाकं अशी हलकी झाली की स्टेअरिंग फिरतं आणि गाडी सरळच जात राहते.

संध्याकाळी विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे शहरातले अर्धे रस्ते बंद होते. सामान आणायला गेलेला पोरगा अडकला होता. तेवढ्या वेळात आम्ही उतरवलेल्या एकेका वस्तूचं वजन करून घेतलं. पाण्याचं सोपं आहे, लिटरला किलो. डिझेल लिटरला साधारण ८४० ग्रॅम. खरी भर लोखंडाची होती. कपाट रिकामं असतानाच दोघांना उचलेना. ताईने वहीत दोन रकाने केले, 'नेणार' आणि 'ठेवणार'. एक स्टेपनी, कपाट आणि निम्मे कॅन घरी. पाण्याची टाकी केबिनला चिकटून, एक्सलच्या पुढे. तंबू टपावरून खाली, कारण उतारावर आडव्या चाललेल्या गाडीला टपावरचं वजन उलटवायला बघतं.

बुलगार्डवर मात्र चर्चा करायची नव्हती. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने असे गार्ड बेकायदा ठरवून राज्यांना कारवाई करायला सांगितलं. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ मूळ बनावटीत मनमानी बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं. कायदा बाजूला ठेवला तरी पायी चालणाऱ्या माणसाला त्या लोखंडाची धडक बसली तर काय होतं, ते हायवेवर धंदा करणाऱ्याला माहीत असतं. आम्ही तो काढला. पुढचं वजनही उतरलं.

ताईने मोबाइलवर डकार रॅली या वाळवंटातल्या शर्यतीतल्या हायलक्स (टोयोटाच्या पिकअप) दाखवल्या, टेकड्यांवरून उडणाऱ्या. कतारचा चालक नासेर अल-अतिया २०१९, २०२२ आणि २०२३ मध्ये हायलक्सवरच जिंकला. पण त्या गाडीत शोरूमच्या हायलक्सचं फारसं काही नसतं. आत नळ्यांचा सांगाडा असतो, मागे पाटे नसतात, आणि रोज रात्री मेकॅनिकांची फौज तिला खोलून जोडते. आपली गाडी रात्री कोण खोलणार? हे ऐकून ती जरा हिरमुसली, पण लगेच तिने विचारलं, मग मी रोज काय तपासू? मला तो प्रश्न फार आवडला.

वेल्डिंग दुसऱ्या दिवशी सकाळी. चीर पट्टीतच होती. दांड्याच्या उभ्या भिंतीत उतरली असती तर मी हात लावला नसता, चेसिस बदलायला सांगितलं असतं. बॅटरीच्या दोन्ही वायर आणि ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) प्लग काढला. अर्थिंग वेल्डिंगच्या अगदी शेजारी लावलं, नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. मागची बाजू लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) घेऊन, जॅकने हलकेच उचलून फट सारखी केली. चिरेच्या टोकाशी ड्रिलने बारीक भोक पाडलं, म्हणजे ती तिथून पुढे सरकत नाही. ब्रॅकेटचा जुना वेल्ड घासून सपाट केला, चीर इंग्रजी व्हीसारखी उघडली आणि चाचांनी ओव्हनमध्ये सुकवलेल्या ७०१८ रॉडने ती भरली. आतल्या भिंतीला जोडपट्टी दिली, दोन्ही टोकं तिरपी कापून, म्हणजे ताण एका उभ्या रेषेवर येत नाही. एअरबॅग गेल्या. त्यांच्या जागी, आता जेवढं वजन उरलं तेवढ्याच मापाचा एक जादा पाटा. नवीन यू-बोल्ट, नवीन बुश.

कळमन्याला वजनकाट्यावर नेऊन आधी फक्त पुढची चाकं चढवली, मग पूर्ण गाडी. मागच्या एक्सलचा आकडा कंपनीच्या पाटीवरच्या मर्यादेच्या आत आला तेव्हा काकांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

रोजच्या तपासणीचं मी तिच्याकडून करून घेतलं. टायरला खडू फासून पुठ्ठ्यावर ठसा घेतला, आधी पस्तीस पौंड हवेला, मग सोळाला. ठसा रुंदीत फार वाढत नाही, लांबीत वाढतो, आणि वाळूवर गाडी तरते ती त्या लांबीवर. बाराच्या खाली जाऊ नकोस, झटक्यात वळलीस तर टायर रिमवरून उतरेल. डांबरावर परतताना हवा भरल्याशिवाय वेग घ्यायचा नाही, कडा तापून फाटतात. एअर फिल्टरच्या पुढच्या नळीत रोज पांढरं फडकं फिरवायचं. फडक्यावर धूळ आली म्हणजे फिल्टरला चुकवून बाजूने वाळू टर्बोत (इंजिनात हवा दाबणाऱ्या पंख्यात) चालली आहे, मग तिथंच थांबायचं. रेडिएटर इंजिनाच्या बाजूने बाहेर फुंकायचा. आणि यू-बोल्ट पहिल्या काही शे किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने कसणाऱ्या पान्याने) पुन्हा कसायचे, कारण नवा पाटा बसतो आणि ते सैल होतात.

ते सोमवारऐवजी गुरुवारी निघाले. कोट्याहून तिचा फोन आला, दोन यू-बोल्ट थोडे फिरले म्हणाली. जैसलमेरहून रोज फटीचा फोटो यायचा, मोजपट्टी लावून काढलेला.

परत आल्यावर गाडी पहिल्यांदा माझ्याकडेच आली. मागचे ब्रेक ड्रम उघडले तर आत बारीक वाळू भरलेली, लायनर घासलेले. एक शॉकअप गळत होता. टर्बोची पाती स्वच्छ होती. हौदा पुन्हा उचलला, चाचांनी रॉकेल लावलं, पुसलं, खडू चोळला. भुकटी पांढरीच राहिली. काकांनी तिथल्या तिथे विचारलं, पुढच्या हिवाळ्यात कच्छला न्यायची तर काय करावं लागेल? मी म्हटलं, कच्छचं रण वरून कोरडं दिसतं, मिठाच्या पापुद्र्याखाली चिखल असतो. आधी चेसिसला आतून गंजरोधक मेण मारू, आणि ब्रेकच्या पायपा बदलू.