दर वेळी तिथंच का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत विचारलंत, शाळेच्या पार्किंगमध्ये विचारलंत, परवा तर गाडीवर चार सायकली बांधलेल्या बघून सिग्नलला काच खाली करून विचारलंत: "पुन्हा निसीन मार्क्सच? दुसरं जंगल नाही का इथं?"

आहेत की. इथं कॅलिफोर्नियात, सॅन होजेहून सतरा नंबरच्या हायवेचा घाट उतरून सँता क्रूझला गेलं की जंगलं बोटावर मोजता येणार नाहीत इतकी आहेत. तरी आम्ही जातो अ‍ॅप्टॉस गावामागच्या निसीन मार्क्सलाच, कारण तिथला चढ रेल्वेचा आहे.

हे नीट सांगायचं तर आमची फजिती आधी सांगावी लागेल. मुलगा पाच वर्षांचा, नुकती आधाराची चाकं काढलेली. लेक नऊची. एका दुसऱ्याच पार्कात गेलो. गाडी लावली तिथूनच उतार सुरू. पोरं "आई गंऽऽ" करत सुसाट खाली, आम्ही मागून ब्रेक दाबत. वीस मिनिटांत नदीकाठी. पाण्यात दगड टाकले, पोह्यांचा डबा संपवला आणि मग मान वर करून रस्त्याकडे पाहिलं. वर यायला पावणेदोन तास लागले. नवरा स्वतःची सायकल एका हातानं आणि मुलाची दुसऱ्या हातानं ढकलतोय, मी लेकीच्या सीटला मागून रेटतेय, आणि चिरंजीव रस्त्याच्या मधोमध मांडी घालून बसलेले: "मी इथंच राहतो." त्यानंतर दोन महिने सायकल हा शब्द घरात काढायची सोय नव्हती.

तेव्हापासून नियम एकच. अंगात दम असतो तेव्हा चढ, दम संपतो तेव्हा उतार. घाटावर वाढलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको होतं खरं तर.

आता निसीनचा रस्ता. 1883 ते 1923 अशी चाळीस वर्षं इथला रेडवुड तोडला गेला आणि ओंडके खाली आणायला अ‍ॅप्टॉसच्या ओढ्याकाठानं रेल्वे टाकली होती. आगगाडीला खडा चढ झेपत नाही, म्हणून त्या लोकांनी डोंगराच्या कडेकडेनं हळूहळू चढत जाणारी वाट काढली. रूळ गेले, वाट राहिली. तीच आजची फायर रोड, म्हणजे वणवा लागला तर बंब नेता यावा म्हणून राखलेला कच्चा रस्ता. पोर्टर पिकनिक एरियापर्यंत गाडी नेता येते, पुढे फाटक. त्या फाटकापासून पाच-सहा वर्षांचं मूल लहान गिअरवर, गप्पा मारत, फारसं न थांबता चढतं. मध्ये एखादा खट्याळ उठाव येतो, पण "आई, अजून किती?" हा प्रश्न बराच उशिरा येतो. परत येताना पायडल मारावं लागत नाही म्हटलं तरी चालेल.

बाकीचं सगळं वरचं सामान. पण ते सामानही काही कमी नाही.

दुतर्फा जी झाडं दिसतात ती तोडीनंतर पुन्हा आलेली. रेडवुड कापला तरी मरत नाही, बुंध्याच्या भोवतीनं नवे फुटवे येतात. म्हणून जागोजागी मध्ये काळा पडलेला प्रचंड बुंधा आणि त्याला वेढा घालून उभी सहा-सात उंच झाडं, असं दिसतं. त्या जुन्या बुंध्यांत माणसाच्या कमरेच्या वर खाचा आहेत. लाकूडतोड्यांनी त्यात फळ्या खोचल्या, फळ्यांवर उभं राहून वर, जिथं खोड जरा कमी जाड तिथं करवत चालवली. मुलाला त्या खाचा डोळे वाटतात. एक बुंधा तर हुबेहूब रागावलेल्या माणसासारखा आहे. त्याला तो "नमस्कार काका" म्हणतो आणि पुढे जातो. परत येताना "येतो काका."

मे महिन्यात आई आली होती, कराडहून. ती पोर्टरच्या बाकड्यावर डबे घेऊन बसणार आणि आम्ही जाऊन येणार असं ठरलं. बाकड्यामागं लालसर, तकतकीत पानांचं एक झुडूप होतं. आई म्हणाली, "अगं, हे बेलासारखं. तीन-तीन पानं." आणि हात पुढे केला. मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या टेबलावरचं कुत्रं भुंकायला लागलं. पॉयझन ओक. तिला वैज्ञानिक नाव सांगून काय होणार? म्हटलं, "आई, हा इथला बिब्बा समज. उततो." लगेच हात मागे. खरं म्हणजे उपमा सुद्धा नव्हती ती. बिब्बा, आंबा आणि हे झुडूप, तिन्ही एकाच कुळातले.

याच रस्त्यावर, फाटकापासून दोनेक मैलांवर एक पाटी आहे. 17 ऑक्टोबर 1989, संध्याकाळी पाच वाजून चार मिनिटं. लोमा प्रिएटाच्या भूकंपाचा केंद्रबिंदू इथं, याच रानात. 6.9 तीव्रता. 63 माणसं गेली, सँता क्रूझची बाजारपेठ कोसळली, पार सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत नुकसान. आणि बघायला काय, तर पाटी आणि झाडं. मुलगा पहिल्यांदा तिथं गेला तेव्हा चांगलाच नाराज झाला.

"खड्डा कुठाय?"

"खाली. अठरा किलोमीटर."

त्यानं पुढचं चाक उचलून जमिनीवर दोनदा आपटून पाहिलं.

पाटीचा फोटो आईला आणून दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. 1967 च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती दहा वर्षांची. पहाटे आजोबांनी तिला गोधडीसकट उचलून अंगणात आणलं, आणि मग पुढचे कित्येक दिवस सगळं घर अंगणातच झोपलं, थंडीत, शेकोटी करून. हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण मांडणीतली भांडी पडताना एकाच वेळी न पडता एकामागून एक, ओळीनं पडली, हे तिनं त्या बाकड्यावर पहिल्यांदा सांगितलं. लेकीनं विचारलं, "आजी, मग तुमच्याकडे पण पाटी आहे?" आई म्हणाली, "आमच्याकडे धरण आहे."

कंटाळा येत नाही का, हेही विचारता. मला येतो कधीकधी, पोरांना नाही. धुकं पडलेल्या सकाळी ओल्या रस्त्यावर पिवळ्याधम्मक बिनशंखाच्या गोगलगाई निघतात, बोटापेक्षा लांब. त्यांना चुकवत जायचं हा यांचा खेळ. चाकाखाली आली तर पुढच्या वेळी चॉकलेट नाही. वाइल्डर रँचला नेलं होतं बदल म्हणून. समुद्रकड्यावरची सपाट वाट, देखणी जागा, खोटं कशाला बोलू. पण सावली नाही आणि दुपारचा वारा असा की मुलगा पायडल मारूनही जागच्या जागी. शिवाय तिथं काका नाहीत.

एक मात्र सांगून ठेवते, नाहीतर मला बोल लावाल. जॅकेट न्या, ऑगस्टमध्येसुद्धा. खाली समुद्रावर ऊन असलं तरी झाडांखाली सकाळी अकरापर्यंत बोटं गारठतात. हेल्मेट तर अठराच्या आतल्यांना कायद्यानंच लागतं, पण ते आपण मोठ्यांनीही घालावं. आणि शनिवारी दहानंतर सतरा नंबरला लागू नका, सगळी सिलिकॉन व्हॅली समुद्रावर निघालेली असते.

लेक आता अकराची झालीय. केंद्रबिंदूच्या पुढे रेल्वेची मेहेरबानी संपते आणि रस्ता सँड पॉइंटपर्यंत खडा चढतो. ते टोक तिला गाठायचंय. तिथून खाली समुद्र दिसतो असं तिनं कुठंतरी वाचलंय. परवा जेवताना विषय काढला. मुलगा वरणात भात कालवत होता, वर न बघता म्हणाला, "तिथून येताना पूर्ण उतार आहे ना?"

"पूर्ण."

"मग मी येतो."