गोळीचा असर किती तास टिकतो, आणि कमी-जास्त का होतो

औषधाच्या दुकानात काउंटरवर दुसरं गिऱ्हाईक नाही असं बघून लिंगाच्या ताठरतेच्या गोळीबद्दल खालच्या आवाजात विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो: "किती वेळ चालते?" उत्तरात एक आकडा मिळतो. चार तास, नाहीतर छत्तीस तास. आकडा खोटा नसतो, अर्धवट असतो. या गोळ्यांची घड्याळं तीन आहेत: असर सुरू कधी होतो, टिकतो किती, आणि औषध रक्तातून जातं कधी. लोक मधलं घड्याळ विचारतात. फसगत होते पहिल्यात, आणि धोका असतो तिसऱ्यात.

आधी एक गैरसमज. "छत्तीस तास" म्हणजे छत्तीस तास ताठरता नव्हे. उत्तेजना आली की लिंगाच्या रक्तवाहिन्यांजवळ नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्यातून सीजीएमपी नावाचं रसायन तयार होतं, वाहिन्या सैल पडतात आणि रक्त भरतं. पीडीई-५ हे एन्झाइम तेच सीजीएमपी मोडत असतं. गोळी त्या एन्झाइमला अडवते, एवढंच तिचं काम. मुळात उत्तेजनाच नसेल तर अडवायला काही नाही. गोळी घेऊन मोबाइल बघत पडून राहिलं आणि "काही झालं नाही" म्हटलं, तर त्यात गोळीचा दोष नाही. वीर्यपतनानंतर लिंग सैल पडणं हेही नैसर्गिकच, असर संपल्याची ती खूण नव्हे.

या गोळ्यांत सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) सगळ्यांत जुनी. मुळात अंजायनासाठी, म्हणजे हृदयाच्या छातीदुखीसाठी तपासली जात होती; अमेरिकेत १९९८ मध्ये ताठरतेसाठी मान्यता मिळाली. २५, ५० आणि १०० मिलिग्रॅममध्ये येते, सुरुवात बहुधा ५० ने. रिकाम्या पोटी घेतली तर अर्ध्या ते दोन तासांत रक्तातलं प्रमाण शिगेला पोचतं, म्हणून "तासभर आधी घ्या" असं सांगतात. पुढे दर चार तासांनी प्रमाण साधारण निम्मं होत जातं. चांगला असर चार-पाच तास. त्यानंतरही काहींना जाणवतो, पण पातळ.

आता इंदूरचं जेवण. तुपात बुडवलेले बाफले, वर लाडू, किंवा रात्री सराफ्यात, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, तळलेले गराडू आणि मालपुवा. भरपूर स्निग्ध खाल्लं की पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, आणि सिल्डेनाफिल शोषली जाते ती पुढे आतड्यात. अशा जेवणानंतर तिची शिगेची वेळ सुमारे तासाभराने पुढे जाते आणि शिगेचं प्रमाण २९ टक्क्यांनी घसरतं. म्हणजे साडेनऊला दाल-बाफले, साडेदहाला गोळी, आणि साडेअकराला निकाल: "बेकार कंपनी." गोळी अजून निघतेच आहे. खरी चूक यानंतर होते. बारा वाजता दुसरी गोळी घेतली जाते, मग दोन्ही एकदम चढतात. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, उठून उभं राहिलं की गरगरतं. चोवीस तासांत एकच गोळी, हा नियम याचसाठी आहे. त्या दिवशी खिचडी किंवा पोळी-भाजी खावी, जेवण आणि गोळी यांत दोन तास ठेवावेत, आणि सराफा दुसऱ्या दिवशी करावा.

टाडालाफिलला जेवणाचं काही नसतं, आणि माझ्या मते इंदुरी माणसाला तीच जास्त सोयीची. गरजेप्रमाणे घ्यायची तर १० किंवा २० मिलिग्रॅम. काहींना अर्ध्या तासात लागू पडते, पण दोन तास हाताशी ठेवलेले बरे. तिचं प्रमाण निम्मं व्हायला साडेसतरा तास लागतात. शुक्रवारी रात्री नऊला घेतली असं धरा. ढोबळ हिशेबाने शनिवारी दुपारी अडीचला अर्धी, रविवारी सकाळी आठला पाव, आणि सोमवारी पहाटे दीडला अजून अष्टमांश शिल्लक. छत्तीस तासांची खिडकी तोवर बंद झालेली असते, औषध मात्र अंगात असतंच. काहींची कंबर आणि मांड्या दुखतात. हे दुखणं गोळीनंतर बारा ते चोवीस तासांनी येतं, म्हणून गोळीशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. बहुधा दोन दिवसांत आपोआप जातं.

टाडालाफिल रोज २.५ किंवा ५ मिलिग्रॅमही देतात. प्रोस्टेटच्या लघवीच्या त्रासाला ५ ची गोळी चालते. रोजच्या डोसात पाचेक दिवसांत रक्तातलं प्रमाण स्थिर होतं, मग वेळ बघावी लागत नाही. रोजची चालू असताना "आज जरा जास्त" म्हणून वर २० ची घेऊ नये.

व्हार्डेनाफिल सिल्डेनाफिलच्याच चालीची, तेलकट जेवणाने तीही मंदावते. अव्हानाफिल लवकर लागू होते, काहींना पंधरा ते तीस मिनिटांत.

तीच गोळी एकाला तीन तास आणि दुसऱ्याला दहा तास का पुरते? या चारही औषधांची विल्हेवाट मुख्यतः यकृतातलं सीवायपी३ए४ हे एन्झाइम लावतं. ते मंदावलं की औषध साचतं. इट्राकोनाझोल, केटोकोनाझोल (दाद-खाज बरी होत नाही म्हणून पोटातून इट्राकोनाझोल घेणारे कमी नाहीत), क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स, एचआयव्हीवरचं रिटोनाव्हिर हे सगळे त्याला रोखतात. रक्तदाब-हृदयासाठीची डिल्टियाझेम आणि व्हेरापामिलही थोडं रोखतात, ग्रेपफ्रूटचा रसही. उलट टीबीचं रिफाम्पिसिन, फिटांवरचं फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन त्या एन्झाइमला जोर आणतात. रिफाम्पिसिन चालू असताना टाडालाफिलचा शरीराला मिळणारा एकूण वाटा ८८ टक्क्यांनी घटतो, म्हणजे गोळी जवळजवळ वाया. अशा वेळी स्वतःच डोस वाढवू नये.

पासष्टीच्या पुढे सिल्डेनाफिल सावकाश बाहेर पडते, म्हणून सुरुवात २५ ने. यकृताचा आजार किंवा मूत्रपिंडं बरीच निकामी असतील तरी तसंच. वय झालं म्हणून जास्त लागेल हा तर्क इथे उलटा पडतो.

तिसऱ्या घड्याळाकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी बऱ्याच घरांत असते. ते नायट्रेट आहे. नायट्रोग्लिसरीन आणि आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेटही त्यातलीच, आणि निकोरँडिलचं कामही तसंच चालतं. यांतलं काही आणि ताठरतेची गोळी एकत्र आली की रक्तदाब इतका कोसळू शकतो की जीव जावा. सिल्डेनाफिल घेतल्यापासून निदान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यापासून निदान ४८ तास नायट्रेट नको. नायट्रेट नेमाने चालू असेल तर या गोळ्या घ्यायच्याच नाहीत. गोळी घेतल्यावर छातीत दुखू लागलं तर घरातली सॉर्बिट्रेट शोधू नका. सरळ कॅज्युअल्टी गाठा आणि कोणती गोळी, किती वाजता घेतली हे डॉक्टरांना सांगा. बायको सोबत आहे, मुलगा सोबत आहे, म्हणून गप्प बसू नका. शक्य असेल तर वेळ मोबाइलमध्ये लिहून ठेवावी.

प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन किंवा तत्सम औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगून, लहान डोसपासून सुरुवात. दोन्हींनी रक्तदाब उतरतो आणि रात्री लघवीला उठलेला माणूस बाथरूमच्या दारात पडतो. दारूचंही तेच. एखादा पेग चालून जातो, पण चार-पाच झाले की गोळीच्या फायद्यावर पाणी पडतं आणि चक्कर वर मिळते. भांगेनेही नाडी वाढते आणि उभं राहताना दाब उतरतो, तेव्हा होळीला, शिवरात्रीला दोन्ही एकत्र नको.

ताठरता चार तासांहून जास्त राहिली, दुखायला लागली, तर सकाळची वाट बघायची नाही. अडकलेल्या रक्तातला ऑक्सिजन संपतो आणि आतलं ऊतक कायमचं खराब होऊ शकतं. एमवाय या इंदूरच्या सरकारी रुग्णालयाची असो की खासगी, त्याच रात्री कॅज्युअल्टी. अचानक नजर किंवा ऐकू येणं गेलं तरी गोळी बंद आणि लगेच डॉक्टर.

एका रात्रीत निकाल लावू नये. योग्य डोस, हलकं पोट, पुरेशी वेळ आणि उत्तेजना, हे सगळं जमवून सहा-आठ वेळा झाल्यावरच "लागू पडत नाही" म्हणावं. पहिल्या वेळची धास्तीच अर्धा असर खाते. मधुमेह जुना असेल तर नसा आणि रक्तवाहिन्या दोन्ही बिघडलेल्या असतात, असर कमीच मिळतो.

रेल्वेरुळालगतच्या भिंतींवरच्या "शुद्ध जडीबुटी" जाहिरातींबद्दल एवढंच: अशा अनेक पुड्यांमध्ये सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडलं आहे. ते किती घातलंय हे पुडीवर नसतं, त्यामुळे वरचा एकही हिशेब तिला लागू होत नाही. डॅपॉक्सेटिन जोडलेल्या गोळ्या शीघ्रपतनासाठी आहेत. तो त्रास नसेल तर नुसती मळमळ आणि भोवळ पदरात पडते.

साठवणही बघा. मे महिन्यात इंदुरात पारा चाळिशीपार जातो आणि बंद डिकीत त्याहून जास्त, तर पाकिटावर "३० अंशांखाली ठेवा" छापलेलं असतं. खिशात सुटी गोळी ठेवू नये, स्ट्रिपमध्येच राहू द्यावी.

आणि गोळी चालली तरी तपासण्या करून घ्याव्यात, कारण लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक असतात आणि चोंदायला लागल्या की तक्रार आधी तिथे दिसते, हृदयाची नंतर. दोन जिने चढताना धाप लागते किंवा छाती भरून येते, तर आधी ईसीजी आणि डॉक्टर, गोळी त्यानंतर. बाकी उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), रक्तदाब, आणि कामेच्छाच कमी असेल तर टेस्टोस्टेरॉन. त्याचं रक्त सकाळी दहाच्या आत द्यावं. दुपारी पातळी उतरलेली असते आणि रिपोर्ट उगाच कमी येतो.