मुलाच्या सुरक्षिततेत तडजोड कसली?

तुम्ही विचारलेत म्हणून, आणि बालसंरक्षणाच्या वादांत मध्यस्थी करते असे सांगितले की बहुतेक जण हेच विचारतात म्हणून, हे उत्तर एकदा नीट लिहून काढते. ज्या घरात मुलाची आबाळ झाली किंवा त्याला मारहाण झाली, त्या घरातल्या माणसांशी वाटाघाटी कसल्या करता, असा तो प्रश्न आहे.

मूल सुरक्षित असावे की नाही, यावर आमच्याकडे वाटाघाटी होत नाहीत. मारहाण झाली होती का, हे ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा. त्याबद्दल मी मत देत नाही आणि कोणाच्या बाजूने अहवालही लिहीत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतले नववे कलम सांगते की, पालकांच्या इच्छेविरुद्ध मुलाला त्यांच्यापासून दूर करायचे असेल, तर ते मुलाच्या हितासाठी आवश्यक असले पाहिजे आणि त्या निर्णयाची न्यायालयीन तपासणी होता आली पाहिजे. शिवाय हिताला बाधा येत नसेल तर अशा मुलाला आईवडिलांशी नियमित संपर्काचा हक्क आहे. पण 'नियमित' म्हणजे आठवड्यातून कितीदा, कुठे, कोणाच्या देखरेखीखाली, आणि मूल घरी परत यायचे असेल तर आईने नेमके काय केले म्हणजे पुरे, हे कोणतेही कलम सांगू शकत नाही. माझे काम तिथे सुरू होते.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. चार वर्षांचा मुलगा तात्पुरत्या पालनकर्त्या कुटुंबात राहत होता. 'भेटीनंतर मूल अस्वस्थ असते' असे नोंदवून संबंधित अधिकाऱ्यांनी आईच्या भेटी कमी करण्याचा प्रस्ताव ठेवला होता, आणि दोन्हीकडचे वकील त्या एका वाक्यावरून महिनाभर भांडत होते. बैठकीत आईने पालनकर्त्या बाईंना विचारले, "तो रडतो कधी? माझ्याकडे येताना, की माझ्याकडून जाताना?" बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "जाताना. गाडीत बसवलं की सुरू होतं." हे त्यांना पहिल्यापासून माहीत होते, परंतु त्यांना कोणी विचारलेच नव्हते. त्या दिवशी भेटी कमी झाल्या नाहीत. निरोपाची वेळ त्याला दहा मिनिटे आधीच सांगून ठेवायची, आईनेच त्याला गाडीपर्यंत आणायचे आणि पुढची भेट कोणत्या दिवशी आहे ते त्याच्यासमोर बोलायचे, एवढे लिहिले गेले. देखरेखीची अट मात्र होती तशीच राहिली, आणि ती राहायलाच हवी होती.

मला खरी काळजी वाटते ती प्रत्येक गोष्टीला 'हो' म्हणणाऱ्या पालकांची. टेबलाच्या एका बाजूला मूल काढून घेण्याचे अधिकार असलेली यंत्रणा असते आणि दुसऱ्या बाजूला ते गमावण्याच्या भीतीने गप्प झालेला माणूस. अशा वेळी मिळालेल्या होकाराला संमती म्हणणे मला पटत नाही. म्हणून मी बैठक थांबवते, त्या पालकाशी त्यांच्या वकिलासह वेगळ्या खोलीत बोलते, आणि सोमवारी सकाळी कामावर असताना समुपदेशनाला कसे जाणार, असे साधे प्रश्न विचारते. जोडीदाराकडून हिंसा झालेली असेल, तर त्या दोघांना एका खोलीत बसवण्याचा प्रश्नच येत नाही, आणि काही प्रकरणे मी स्वीकारतच नाही.

गोपनीयतेबद्दलही विचारले जाते. बैठकीत बोललेले बाहेर वापरले जात नाही, परंतु मुलाला धोका असल्याची नवी माहिती पुढे आली तर ती कळवावीच लागते. हा अपवाद मी कोणी तोंड उघडण्याआधीच सांगते. त्यामुळे काही जण कमी बोलतात, हे मला मान्य आहे. पण विश्वासाने बोललेला शब्द नंतर अंगावर आला, असे कोणाला वाटू देण्यापेक्षा ते बरे.

सगळ्या प्रकरणांत समझोता होत नाही. झाला तरी न्यायालयाने तपासून मान्य केल्याशिवाय त्याला आदेशाचे बळ येत नाही. म्हणून मसुद्यात 'लवकरच', 'शक्यतो' असे शब्द दिसले की मी ते खोडते आणि तारीख, वेळ, जबाबदार माणसाचे नाव मागते.

आणि मूल? त्याच संहितेच्या बाराव्या कलमानुसार, स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या मुलाला ते मांडण्याचा हक्क आहे. लहान मुलांना मोठ्यांच्या भांडणात बसवणे मला योग्य वाटत नाही, त्यामुळे त्यांचे म्हणणे बहुधा त्यांच्या प्रतिनिधीमार्फत येते. नऊ वर्षांच्या एका मुलीने असाच निरोप पाठवला होता. घर कोणते, भेटी किती, यांबद्दल त्यात काहीच नव्हते. तिला भेटीसाठी न्यायला येणाऱ्या ताईंनी वर्गाच्या दारात उभे राहून सगळ्यांसमोर तिचे नाव पुकारू नये, एवढेच तिचे मागणे होते. समझोत्याच्या मसुद्यात ते पहिल्या क्रमांकावर घ्यायचे, हे आईने सुचवले आणि अधिकाऱ्यांनी लगेच मान्य केले. त्या प्रकरणात दोघांचे एकमत झालेली ती पहिली गोष्ट होती.