३८ किलोचा अ‍ॅम्प आणि २ हजारांचा स्टँड

पॉवर अ‍ॅम्पसाठी, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी, स्टँड बघतोय असं कुठं बोललं की लोक लगेच आवाजावर घसरतात, बेस घट्ट होतो, गायिका दोन फूट पुढे येऊन उभी राहते वगैरे, आणि मग हळूच आकडा सांगतात पस्तीस-चाळीस हजार. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. ट्रान्झिस्टरवाल्या अ‍ॅम्पखाली काय ठेवलंय यावरून आवाज बदललेला मला तरी कधी ऐकू आलेला नाही. स्टँडनं वजन पेलावं, खालून हवा जाऊ द्यावी आणि स्वतः गुणगुणत बसू नये, बास. आणि एवढं काम करणारा स्टँड पुण्यात गल्लीतला फॅब्रिकेटर आणि कडप्पावाला मिळून दोन हजारांच्या आतबाहेर करून देतात.

माझ्याकडे रोटेलचा आरबी-१५९० आहे, सेकंडहँड घेतलेला. वजन ३८ किलो. म्हणजे गॅसचा भरलेला सिलेंडर २९-३० किलोचा असतो, त्याच्याहून जड, आणि सिलेंडरला निदान धरायला कडी तरी असते. आता हे धूड टीव्ही युनिटवर ठेवायचं का, तर नाही. आजकालची तयार युनिट्स बहुतेक पार्टिकल बोर्डची असतात, म्हणजे भुसा आणि डिंक, वर छान सागवानी कागद. तीन फुटांच्या फळीला मध्ये आधार नसेल तर ती पहिल्या दिवशी काहीच बोलत नाही, सहा महिन्यांनी पोट काढते. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की बोर्ड फुगतो, स्क्रू ढिले होतात आणि एक दिवस सगळं एका बाजूला झुकलेलं दिसतं. आयकियाचं ते लॅक नावाचं स्वस्त चौकोनी टेबल पण बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं, नवी मुंबईत दुकान झाल्यापासून तर जास्तच, ५५ बाय ५५ सेंटीमीटर, मापाला एकदम झकास, पण त्याच्या पोटात पुठ्ठ्याची जाळी असते. डीव्हीडी प्लेअर ठेवा, राऊटर ठेवा, असला अ‍ॅम्प नको.

मग सरळ फरशीवरच का नको? ठेवणारे ठेवतात, बिघडत काही नाही, पण आपल्याकडे रोज लादी पुसली जाते आणि पुसणाऱ्या मावशी बादलीभर पाण्यानं पुसतात, अ‍ॅम्पचे पाय जेमतेम अर्धा-पाऊण इंचाचे, पुष्कळ अ‍ॅम्पना खालून हवा घ्यायच्या खाचा असतात, त्यातून धूळ, केस, झुरळ सगळं आत. सतरंजी किंवा कार्पेटवर तर अजिबात नको, अ‍ॅम्पचे पाय रुतून खालच्या खाचा बुजतात आणि क्लास ए, म्हणजे आवाज नसतानाही आतून पूर्ण करंट वाहत ठेवणारा, अ‍ॅम्प असेल तर तो गाणं चालू नसतानाही शेगडीसारखा तापलेला असतो. जमिनीपासून पाच-सहा इंच वर आला की हे सगळे प्रश्न संपतात. त्याहून उंच करू नका, जड वस्तू जितकी खाली तितकी बरी, आणि घरात लहान पोरं असतील तर विषयच नको.

मापाबद्दल थोडं. हायफायचे बहुतेक पूर्ण आकाराचे अ‍ॅम्प ४३०-४४० मिलीमीटर रुंद असतात, म्हणजे सव्वासतरा इंच धरून चला. पुढून मागपर्यंतचं माप मात्र प्रत्येकाचं वेगळं, आणि कंपनी देते त्या मापात मागच्या वायरी धरलेल्या नसतात. जाड स्पीकर केबल, तिच्या टोकाचा बनाना प्लग, पॉवर कॉर्डचं ढोबळं टोक हे सगळं मिळून मागे तीन-चार इंच लागतात. स्टँड एवढा मागपर्यंत असायची गरज नाही, पण भिंत आणि स्टँड यात तेवढी फट हवी. मी २० बाय २२ इंच ठरवलं. आणि माप घेताना अ‍ॅम्पच्या बॉडीचं नाही, पायांचं घ्या, कारण सगळं वजन त्या चार ठिपक्यांतून खाली उतरतं, पाय फ्रेमच्या पाईपच्या वर किंवा अगदी जवळ आले पाहिजेत.

फ्रेमसाठी ४० बाय ४० एमएमचा एमएसचा (साध्या लोखंडाचा) चौकोनी पाईप, २ एमएम जाडीचा. हा मीटरला साधारण २.४ किलो भरतो. वरचा चौकोन, मध्ये एक आडवा आणि पाच-पाच इंचांचे चार पाय, असा तीन मीटर पाईप लागतो, म्हणजे सात किलोच्या आसपास लोखंड. फॅब्रिकेटर मंडळी किलोवर पैसे लावतात, मला दीडशे रुपये किलो पडलं वेल्डिंग आणि ग्राइंडिंग धरून. धायरी-नऱ्हे भागात असली वर्कशॉपं ढिगानं आहेत, फक्त ग्रिलचं काम चालू असताना जाऊ नका, एवढ्याशा कामाला कोणी हात लावत नाही. मी गेलो तेव्हा तिथले काका म्हणाले, "एवढ्याला दोन एमएमचा पाईप कशाला, एक इंची सोळा गेज घाला की, माणूस उभा राहिला तरी वाकायचा नाही." सोळा गेज म्हणजे दोन एमएमहून पातळ पत्रा. त्यांचं खरं होतं. ताकदीसाठी एक इंची पुरतो. मला जाड हवा होता तो आवाजासाठी, म्हणजे पाईपच्याच आवाजासाठी, पातळ पोकळ पाईप टिचकी मारली की घंटेसारखा वाजतो. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते जाऊ दे.

आता हा वाजण्याचा मुद्दा, कारण स्टँडमध्ये खरं शास्त्र आहे ते एवढंच. अ‍ॅम्पमधला ट्रान्सफॉर्मर चालू असताना अगदी बारीक थरथरतो. आपली वीज ५० हर्ट्झची, पण लोखंडी गाभा प्रत्येक सायकलमध्ये दोनदा ताणला जातो, म्हणून ही थरथर १०० हर्ट्झची येते. लाइनमधल्या एसीत थोडा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा प्रवाह, मिसळला की टोरॉइड, म्हणजे गोल कड्यासारखा ट्रान्सफॉर्मर अजूनच कुरकुरतो, रात्री सोसायटी झोपल्यावर तो हूं आवाज ऐकू येतो तो हाच, स्पीकरमधून नाही, डब्यातूनच. आता असला अ‍ॅम्प पातळ प्लायच्या पोकळ खोक्यावर ठेवला तर ते खोकं तबल्यासारखं तो आवाज मोठा करून देतं. म्हणून वरचा भाग जड आणि ठोस हवा. थरथर मुळात ट्रान्सफॉर्मरची आहे, स्टँड ती थांबवू शकत नाही, फक्त वाढवायची नाही एवढं बघायचं.

आणि जड, ठोस, स्वस्त म्हणलं की आपल्याकडे कडप्पाच. जुन्या घरातला ओटा आठवा. कडप्पावाल्याकडे ओट्याची, सिंकची कापून उरलेली तुकडे-फरशी भिंतीला लावून ठेवलेली असते, नवीन पूर्ण लादी घ्यायची काही गरज नाही. २० बाय २२ चा, २० एमएम जाडीचा तुकडा साधारण १५ किलोचा होतो. दुकानातच पाणी मारून मशीनवर कापून घ्या, घरी ग्राइंडरनं कापायला गेलात तर आठवडाभर धूळ पुसावी लागते. कडा गोल करून पॉलिश करायचे रनिंग फुटावर पैसे घेतात, ते द्या, नाहीतर पायाच्या करंगळीला कळतं. निवडताना एक बघा, कडप्पा थराथराचा दगड आहे, कडेनं बघितलं तर कधीकधी केसासारखी रेघ दिसते, तसला तुकडा सोडून द्या, तो पुढे तिथंच उकलतो. बोटानं वाजवून बघा. अखंड दगड टण्ण वाजतो, आत फट असलेला बद्द. दुकानदार ग्रॅनाइट घ्या म्हणून मागे लागतात, चांगलाच असतो, ताकदीला सरस, पण चकचकीत काळ्या ग्रॅनाइटवर धूळ फार दिसते आणि मला कडप्प्याचा तो मंद काळा रंगच आवडतो, याला दुसरं कारण नाही.

टण्ण वाजणारा दगड चांगला म्हणालो आणि वाजायला नको असंही म्हणालो, तर त्याचं उत्तर मधल्या थरात आहे. दगड आणि लोखंड एकमेकांवर थेट ठेवायचं नाही. मध्ये ३ एमएमचा कॉर्क शीट किंवा जाड फेल्ट, पाईपच्या मापाच्या पट्ट्या कापून. ही लावली आणि वरून टिचकी मारली की टण्णचं थप्प होतं, फरक कोणालाही कळतो, त्याला सोन्याचे कान लागत नाहीत. पाईपमध्ये वाळू भरायची आयडिया पण चांगली आहे, पण वाळू तव्यावर भाजून खडखडीत कोरडी करून मगच भरा, ओलसर वाळू भरली की पाईप आतून गंजत राहतो आणि बाहेरून काही दिसत नाही. मी भरली नाही, जाड पाईप आणि कॉर्कनं काम झालं. रंगाला आधी रेड ऑक्साइड, त्यावर काळा मॅट इनॅमल. पावडर कोटिंग दिसायला भारी होतं पण एका नगासाठी कोणी भट्टी लावत नाही, त्यांच्या लॉटमध्ये काळा रंग चालू असेल तेव्हा घुसवायचं.

पायांना स्पाइक लावायची हौस असते लोकांना. दगड, फ्रेम आणि अ‍ॅम्प मिळून ६० किलो, चार पायांवर वाटलं तर प्रत्येकी १५ किलो, आणि ते सगळं एका खिळ्याच्या टोकावर, खाली व्हिट्रिफाइड टाइल. बिल्डरच्या टाइलखाली सिमेंट नीट भरलेलं नसतं हे काय वेगळं सांगायला नको, नाण्यानं ठोकून बघा, पोकळ वाजली तर तिथं स्पाइक म्हणजे टाइल गेली. त्यापेक्षा पायाखाली एम-१० चा नट वेल्ड करून घ्यायचा आणि त्यात नायलॉनचं बूड असलेला बोल्ट फिरवायचा, बोहरी आळीत मशीनच्या सामानात मिळतात. लेव्हलही करता येते, आपल्या फरश्या कुठं सपाट असतात. काळं रबर मात्र टाळा, काही महिन्यांत फिकट टाइलवर पिवळट डाग पाडतं आणि तो कशानंही जात नाही.

चाकं हवी असतील तर हिशोब चारानं नाही, तीननं भागायचा, कारण खडबडीत फरशीवर एक चाक कायम हवेत असतं. ६० किलोला प्रत्येकी २० किलो पेलणारं चाक म्हणजे अगदी काठावर, त्यामुळे ४० किलो पेलणारं घ्या आणि दोनांना तरी ब्रेक हवा.

ज्यांना भाड्याच्या घरात दगड-लोखंड नको, त्यांनी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात जाऊन १८ एमएमचे दोन प्लाय एकावर एक चिकटवून घ्यावेत. क्लॅम्पनं घट्ट आवळून फेविकॉल सुकू द्यायचा, मध्ये फट राहिली तर सगळं मुसळ केरात. ग्रेड बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा) घ्या, प्लायच्या आयएस ३०३ मानकाचा शिक्का बघून, साधा एमआर (नुसता ओलावा सोसणारा) कोकणातल्या हवेत टिकत नाही. वजन सात-साडेसात किलो, म्हणजे दगडाच्या निम्मं. खाली सागवानाचे चार ठोकळे. झालं.

वाल्व्ह अ‍ॅम्पवाल्यांना माझं सुरुवातीचं मत लागू नाही. वाल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी असलेल्या काचेच्या नळ्यांच्या, आत बारीक तारांच्या जाळ्या असतात, त्या हलल्या की ते हलणं खरंच आवाजात उतरतं, त्यांनी मऊ पॅडवर पैसे घालायला हरकत नाही. आणि टर्नटेबल असेल तर कुठलाही जड अ‍ॅम्प त्याच्या रॅकमधून बाहेर काढून वेगळ्या स्टँडवर लांब ठेवा, ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमध्ये (रेकॉर्डवरच्या सुईचा तो चुंबकवाला भाग) सरळ हमिंग आणतं. हा फायदा मात्र कानाला नक्की कळतो, आणि त्याला स्टँड कुठल्या कंपनीचा आहे याच्याशी काही घेणंदेणं नाही.

अ‍ॅम्प चढवायच्या आधी पाण्याचे २० लिटरचे दोन भरलेले जार रात्रभर स्टँडवर ठेवून बघा, ४० किलो होतात, कुठं काही हललं-वाकलं तर सकाळी दिसेल. मग स्टँड आधी त्याच्या जागी नेऊन लेव्हल करा, अ‍ॅम्प वर असताना ढकलायचा नाही. उचलायला दोघं जण, आणि आधी जरा हलवून ट्रान्सफॉर्मर कुठल्या बाजूला आहे ते बघून घ्या, बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये तो पुढच्या बाजूला असतो, त्या बाजूला दोघांतला दणकट माणूस.